मास्तरांचा उजवा हात

हात मोडला तेव्हा माणसांची रीघ लागली होती. कारखान्याच्या ओल्या पायरीवरून ती घसरली, उजवा तळवा टेकला आणि मनगट असं वाकडं झालं की बघणाऱ्यांनी तोंड फिरवलं. हाडाला धातूची पट्टी आणि सात स्क्रू लागले. शेजारीण डबे आणत होती, नणंद आठवडाभर राहून गेली, रोज कुणी ना कुणी येऊन प्लास्टरकडे बघत हळहळत होतं.

दीड वर्षानं तीच पट्टी काढायची वेळ आली तेव्हा मात्र कुणी फिरकलं नाही. लोकांचंही बरोबर होतं म्हणा. हाड जुळलं होतं. आता फक्त आतलं लोखंड काढायचं. एका स्क्रूचं टोक हाडाच्या पलीकडे जरासं निघालं होतं आणि अंगठा उचलला की मनगटाच्या मागच्या बाजूला करकर व्हायची, म्हणून डॉक्टरांनीच काढायचा सल्ला दिला होता. तिचा नवरा फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. तो म्हणाला, "भिंतीतले खिळे काढले म्हणून भिंत थोडीच पडते? आठ दिवसांत कात्री हातात घेशील."

डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. टाके काढताना त्यांनी तिला समोर बसवून नीट सांगितलं होतं. "स्क्रू काढले तिथे हाडाला भोकं आहेत. ती भरायला सहा आठवडे लागतात. तोवर चहाच्या कपापेक्षा जड काही उचलायचं नाही. आणि अंगठा उचलणारी जी दोरी असते ना, तुमची ती त्या स्क्रूवर घासून झिजली आहे. कधी अंगठा उचलेनासा झाला तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी या."

ती हो म्हणाली. माणूस डॉक्टरांना हो म्हणतोच.

ती शिवणकारखान्यात कटिंग मास्तर होती. बाई असून मास्तर. 'मास्तरीण' म्हणून बघितलं लोकांनी सुरुवातीला, पण ते कुणाच्या जिभेवर बसेना. मग मालकीणबाईंपासून काजं करणाऱ्या पोरींपर्यंत सगळ्यांसाठी ती मास्तर झाली, आणि घरी नवराही चिडवायला मास्तर म्हणू लागला. शिवणारे पंधरा जण होते, कापणारी एकटी. तिनं कापलं की पुढच्यांनी शिवायचं. तिची कात्री चुकली तर पंधरा माणसं हातावर हात ठेवून बसणार. या गोष्टीचा तिला ताठा होता आणि तो तिला शोभत होता.

पहिल्या वेळी ती तीन महिने घरी बसली तेव्हा मालकीणबाईंनी दुसरा कापणारा आणून वेळ मारून नेली होती. या वेळी रजा देताना त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तर, सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे हं. बँडपथकाचे बत्तीस कोट घेतलेत मी तुमच्या भरवशावर. यानंतर मला कापायचं मशीन तरी आणावं लागेल, नाहीतर माणूस तरी." धमकी नव्हती ती. खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं.

सहा आठवडे तिनं हात तळहातावरच्या फोडासारखा जपला. बादली डाव्या हातानं, कुकर डाव्या हातानं, केससुद्धा डाव्या हातानं विंचरायचे, मग ते कसेही दिसोत. कामावर जायच्या आदल्या दिवशी सकाळी ती ब्लाऊजची बटणं लावायला गेली आणि अंगठा आलाच नाही.

दुखलं नाही. काही तुटल्याचा आवाज नाही, कळ नाही. रात्री झोपेत झालं की आदल्या दिवशी, तेही तिला सांगता येईना. तिनं टेबलावर तळवा पालथा ठेवला. एकेक बोट उचललं. चारही उठली. अंगठ्याला उठ म्हणाली, तर तो टेबलावर तसाच पडून राहिला, जणू दुसऱ्याच कुणाचा. आतल्या बाजूला वळत होता, चिमटीत धरत होता. पण वर उठायचं नाव नाही.

डॉक्टरांचं वाक्य शब्दन् शब्द आठवत होतं. त्याच दिवशी या. गेलं तर काय होणार हेही तिला कळत होतं. पुन्हा ते हिरवे कपडे, पुन्हा हात उघडायचा, पुन्हा महिने. आणि बत्तीस कोटांचं कापड टेबलाशेजारी येऊन पडलेलं.

"काय गं, झालं का?" नवऱ्यानं बाहेरून विचारलं.

"झालं," ती म्हणाली आणि बटणं डाव्या हातानं लावली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली.

ज्यानं कधी जड कात्री चालवली नाही त्याला हे कळायचं नाही, पण कापड कापताना कात्रीचं खालचं पातं टेबलावर सरकत राहतं आणि वरचं पातं दर वेळी अंगठाच उचलतो. मिटायला ताकद लागते हे सगळ्यांना दिसतं, उघडायला काय लागतं ते कुणी बघत नाही. तिनं घरून रुंद इलॅस्टिकचा तुकडा आणला होता. त्यानं अंगठा कात्रीच्या कडीला करकचून बांधला, वरून मनगटपट्टा चढवला, म्हणजे पोरींना वाटावं, डॉक्टरांनीच दिलंय. मग सगळा दंड उचलून ती कात्री उघडू लागली. पाणी शेंदावं तशी. संध्याकाळी खांदा असा भरून येई की घरी ताट ती डाव्या हातानं वाढून घ्यायची.

तिसऱ्या दिवशी तिच्या हातून कप पडला. नवरा फरशी पुसत हसून म्हणाला, "हरकत नाही, कपाला पट्टी आणि सात स्क्रू लावू." एरवी तिनंही त्याला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. त्यानं फडकं पिळता पिळता तिच्या पाठीकडे बघितलं.

"दुखतंय का?"

"नाही." आणि ते खरंच होतं.

मरून रंगाचं ते लोकरी कापड चांगलंच जाड. खुणा करून द्यायला मावशी होत्या. मावशी साठी ओलांडलेल्या, कारखान्यातल्या सर्वांत जुन्या. बावीस वर्षांपूर्वी हिच्या हातात पहिली कात्री त्यांनीच दिली होती आणि कशी धरायची तेही त्यांनीच दाखवलं होतं. पुढे ही मास्तर झाली, मावशी तिच्या हाताखाली खडूनं खुणा करू लागल्या, आणि त्याबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. मापाच्या वहीत बघायचं, खडूची कड दातांनी टोकदार करायची आणि एका झटक्यात मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या जागेची, गोलाई काढायची. चष्मा जाड होता, पोरी त्यावरून थट्टा करायच्या, पण मावशींची रेघ कधी हलली नव्हती.

अकराव्या कोटाला कात्री घसरली. मुंढ्याच्या वळणावर वरचं पातं पुरतं उघडलंच नाही, इलॅस्टिक सरकलं, आणि बंद झालेली कात्री तिनं जोरात पुढे रेटली. पातं रेघ सोडून छातीच्या बाजूला दोन बोटं आत शिरलं. कापड दुहेरी होतं. एका फटक्यात दोन्ही बाजूंचे पुढचे भाग गेले. तिनं आजूबाजूला बघितलं. मशीनं चालू होती, कुणाचं लक्ष नव्हतं. पुढची रेघ तिनं त्या चुकीच्या खाचेला जुळवून गोल कापून टाकली, कातरण टेबलाखालच्या पोत्यात कोंबलं आणि तुकडे गठ्ठ्यात घातले. असं तिनं बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

दुपारी शिवणारा गठ्ठा घेऊन आला. "मास्तर, या मुंढ्यात बाही बसत नाही. घेर केवढा झालाय बघा."

मालकीणबाई उठून आल्या. तुकडा टेबलावर पसरला, टेप लावला. कापड मोजून मापून आलेलं, त्या रंगाचं पुन्हा मिळणार नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिवणाऱ्यांची मशीनं एकेक करत थांबली.

"मास्तर, हे कसं झालं?"

तिला बोलायचं होतं ते हे नव्हे. निदान नंतर ती स्वतःला तसं सांगत राहिली. पण सगळ्यांच्या नजरा तिच्या हाताकडे वळतील असं वाटलं आणि तोंडातून निघून गेलं, "मी रेघेवरच कापलंय. खूणच तशी होती."

मावशी पलीकडे खडू हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि तुकड्यावर वाकून बराच वेळ बघितलं.

"असेल," त्या म्हणाल्या. "हल्ली डोळ्यांचं काही सांगता येत नाही."

मालकीणबाईंनी आवाज चढवला नाही. "मावशी, उद्यापासून खुणा राहू द्या. धागे तोडायला बसा."

धागे तोडायला नव्या पोरी बसवायच्या. मावशी मान हलवून गेल्या आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या. मास्तर टेबलाशी उभी राहिली आणि बांधलेल्या अंगठ्यानं बारावा कोट कापू लागली. खुणाही आता तीच करत होती.

त्यानंतरचे चार दिवस तिला घास गिळवेना. कात्री घसरायची ती घसरतच होती, फक्त आता ती रेघेपासून लांब कापून नंतर हळूहळू आत येत होती, आणि कामाचा वेग निम्म्यावर आला होता. संध्याकाळी न्हाणीघरात दार लावून ती अंगठ्याला डाव्या हातानं वर उचलायची, सोडायची. तो खाली पडायचा. पुन्हा उचलायची. शिव्या द्यायची त्याला. हाड जुळलेलं, जखम भरलेली, व्रण पांढरा पडू लागलेला. बाहेरून बघणाऱ्याला हात ठणठणीत. बरा झालेला हात निकामी आहे हे कुणाला सांगायचं, आणि सांगितलं तर खोटं बोललेलं कुठे ठेवायचं? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, तशी गत झाली होती. एकदा तर तिच्या मनात आलं, त्या दिवशी पायरीवर मनगटाऐवजी डोकंच आपटलं असतं तर सुटले असते. तिनं नळ सोडला आणि आवाज बाहेर जाऊ न देता ती रडली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. मावशी होत्या. नवरा कामावर गेला होता, घरात ती एकटीच. मावशींच्या हातात कागदाची घडी होती. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"डोळे तपासून आले," त्या म्हणाल्या. "भिंतीवरची अक्षरं वाचून घेतली, थेंब घालून बघितलं, सगळं केलं. डॉक्टर म्हणतो नंबर तोच आहे. मोतीबिंदू नाही, काही नाही. या वयात असे डोळे म्हणजे नशीब म्हणाला."

"बरं झालं की," ती म्हणाली.

"बरं कसलं? डोळे ठीक आहेत तर मग मी ती रेघ तशी काढली कशी?" मावशींनी कागदाची घडी उलगडली, पुन्हा घातली. "माझी मोठी बहीण अशीच गेली. आधी मापं विसरायला लागली, मग घर, मग आम्हाला. तुला विचारायला आले. तू रोज माझ्या शेजारी उभी असतेस. आणखी काही चुकलेलं दिसलं का तुला माझं? खरं सांग. लेकाला सांगायच्या आधी मला कळू दे."

त्या विनवणी करत होत्या. ज्या बाईनं तिला कात्री धरायला शिकवलं ती बाई हिच्या खोट्याचं कारण स्वतःच्या डोक्यात शोधत होती.

तिनं उजवा हात टेबलावर पालथा ठेवला.

"मावशी, बघा. मी अंगठा उचलतेय."

मावशींनी बघितलं. चार बोटं उठली.

"उचल की."

"उचलतेय. केव्हाची उचलतेय."

मग तिनं सगळं सांगितलं. बटणं, इलॅस्टिक, अकरावा कोट, पोत्यात कोंबलेलं कातरण. मावशींनी चष्म्याच्या आडून तिच्याकडे असं बघितलं की तिला वाटलं, आता थोबाडीत मारतील, आणि मारावी असंही वाटलं.

"चार दिवस," मावशी म्हणाल्या, "मी पहाटे उठून सुनेची, नातवंडांची नावं मोठ्यानं म्हणत होते. विसरले तर नाही ना बघायला. कॅलेंडरवरचे बारीक आकडे वाचत होते. तू मला जिवंतपणी आंधळी केलीस, वेडी केलीस."

"मावशी—"

"तुझ्या हाताचं वाईट वाटतंय मला. पण ते वेगळं."

तिनं चहा विचारला. मावशी उठून निघून गेल्या. कागद टेबलावरच राहिला.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा तिनं त्यालाही तळवा दाखवला. त्यानं तिचा अंगठा आपल्या दोन बोटांत धरून वर केला, सोडला, तो पडताना बघितला. एवढा बोलका माणूस, पण विनोद सुचला नाही. "मला का नाही सांगितलंस?" एवढंच त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनं सुरू व्हायच्या आत ती कारखान्यात गेली आणि सगळ्यांच्या देखत मालकीणबाईंना म्हणाली, "मावशींची रेघ बरोबर होती. चूक माझ्या हाताची होती आणि मी खोटं बोलले." पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. मावशी कोपऱ्यातल्या बाकावर धागे तोडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

मालकीणबाई म्हणाल्या, "कात्री मावशींना द्या आणि दवाखान्यात जा. पुढचं पुढे बघू." ठेवणार की काढणार, काहीच नाही. तिनं कात्री टेबलावर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा ती कारखान्याच्या दारातून सकाळी बाहेर पडत होती.

डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच तिला वाईट वाटलं. त्यांनी मनगटाच्या मागे बोट दाबून बघितलं. "दोरी तुटली आहे. लगेच आल्या असतात तरी कदाचित सांधता आली नसती, इतकी झिजली होती. आता तर टोकं आत ओढली गेलीत. तर्जनीला उचलणाऱ्या दोन दोऱ्या असतात, त्यातली एक काढून अंगठ्याला जोडू."

"म्हणजे पुन्हा उघडायचा."

"पुन्हा उघडायचा."

"आणि मग कात्री चालेल?"

"अंगठा उचलेल बहुतेक. कात्रीचं मी कसं सांगू?"

तिसऱ्यांदा हात उघडला. मग चार आठवडे अंगठा वर धरून ठेवणारं प्लास्टर. कुणीतरी कायमचं शाबासकी देत असल्यासारखा तो अंगठा घेऊन ती घरात बसून राहायची. कारखान्यातून निरोप आला नाही. फोन हातात घेऊन मावशींचा नंबर ती रोज काढायची आणि लावायची नाही.

प्लास्टर निघालं आणि फिजिओथेरपीच्या खोलीत तिची खरी परीक्षा सुरू झाली. व्यायाम घेणारी बाई तरुण होती, शांत होती. तिनं समजावलं, "मेंदूला अजून माहीत नाही की दोरी हलवली आहे. तुम्ही अंगठा उचलायला जाऊ नका. तर्जनी उचलायची आहे असं मनात आणा."

तिनं मनात आणलं. तर्जनी उठली. अंगठा पडून राहिला.

"पुन्हा."

आठ दिवस हेच. तर्जनी म्हटलं की तर्जनी, अंगठा म्हटलं की काहीच नाही. नवव्या दिवशी तिनं हात ओढून घेतला. "बास. हे होणार नाही. हाड मोडलं, जोडलं, लोखंड घातलं, काढलं, दोरी तुटली, उसनी आणली. माझ्यानं आता होत नाही." ती बाहेर आली आणि बाकावर बसली. नवरा तिथेच होता. त्या दिवसांत तो सकाळची कामं दुपारवर ढकलून तिच्याबरोबर यायचा. त्यानं तिची पिशवी मांडीवर घेतली आणि दोघं तशीच बसून राहिली. अर्ध्या तासानं आतली बाई दारात येऊन म्हणाली, "वेळ संपलेली नाही तुमची." ती उठली. आशा होती म्हणून नव्हे. उठण्यावाचून दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून.

अठराव्या दिवशी अंगठा हलला. टेबलापासून पोस्टकार्डाच्या जाडीइतका उठला असेल नसेल. तिला वाटलं भास झाला. बाईनं खाली कागद सरकवून बघितला. कागद आरपार गेला.

दोन महिन्यांनी ती कारखान्यात गेली. कटिंगच्या टेबलाशी मावशी उभ्या होत्या. बत्तीस कोट केव्हाच गेले होते. चुकलेल्या मुंढ्यांना मावशींनी बगलेखाली जोड दिला आणि तो दिसू नये म्हणून सगळ्याच कोटांच्या कडेनं सोनेरी गोफ लावून घेतला, पथकवाल्यांना उलट तेच आवडलं, असं तिला काजं करणाऱ्या पोरीनं दारातच सांगितलं. मालकीणबाईंनी तिला आत घेतलं, पण मास्तर म्हणून नाही. मापं घ्यायची, वही लिहायची, मावशींना कापड धरून द्यायचं. तिनं मान्य केलं.

ती टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. मावशी निळं सुती कापड कापत होत्या. बराच वेळ त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही.

"मावशी, मी—"

"कापड धर. सरकतंय."

तिनं दोन्ही हातांनी कापड दाबून धरलं. तुकडा कापून झाल्यावर मावशींनी कात्री खाली ठेवली आणि तिच्या उजव्या हाताकडे हनुवटीनं खूण केली. तिनं तळवा टेबलावर ठेवला, मनात तर्जनी आणली, आणि अंगठा बोटभर उठला, थरथरला, पडला.

मावशींनी चष्मा सारखा केला. "मनातून गेलेलं नाही माझ्या," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

"कळू दे म्हणून सांगितलं." त्यांनी पुढचं कापड ओढून पसरलं, सुरकुती काढली आणि मापाची वही तिच्याकडे सरकवली. "छाती किती लिहिलीय? वाच."

तिनं आकडा वाचला. मावशींनी रेघ काढली.